सरकारी रंगाचे पेरू

आमच्या घरात आत्याबाईंचा शब्द चुलीपासून गोठ्यापर्यंत चालायचा. गोठ्याच्या पुढे शेत होतं, आणि शेतात मामाजींचा शब्द चालायचा. मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि आत्याबाई त्यांची थोरली बहीण. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. सासूबाई माझ्या लग्नाआधी वारल्या होत्या, त्यामुळे घरच्या चाव्या आत्याबाईंच्या कमरेला असायच्या. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवीच होते. कौतुक राज्याचं जास्त झालं.

मेहकरहून डोणगावकडे जाणारी सडक आमच्या शेताला चाटून जायची. सडकेच्या कडेला शेताचा एक लांबट तुकडा होता आणि त्यात आत्याबाईंनी पेरूची झाडं लावली होती. आमच्या भागात पेरूला जाम म्हणतात. रोपं त्यांनी आणली, खड्डे त्यांनी खणले, विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहून झाडं त्यांनी वाढवली. त्यांच्या वडिलांनी मरताना सांगितलं होतं, की सडकेजवळचा तुकडा बाईला द्या. ऐकायला दोघंच होते, एक मामाजी आणि एक देव. देव कधी बोलला नाही आणि मामाजी "पाहू" म्हणाले. माझं लग्न झालं तेव्हाही ते "पाहू"च म्हणत होते. घरात त्या जागेला सगळे "सडकेजवळचा तुकडा" म्हणायचे. आत्याबाईंची बाग असं कोणी म्हणायचं नाही.

मामाजी वाईट नव्हते हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तसं वाटेल. बहिणीला ते कधी कमी-जास्त बोलले नाहीत, वर्षाची दोन लुगडी त्यांनी वेळेवर आणली, आजारपणात लोणारच्या वैद्याकडे बैलगाडीत घालून नेलं. फक्त जमिनीचा विषय निघाला की त्यांच्या दाताखाली हमखास सुपारी असायची आणि सुपारी असली की त्यांना बोलता यायचं नाही.

त्या झाडांना माशीचा फार त्रास होता. माशी घरमाशीहून थोडी लहान, पिवळसर, दिसायला अगदी गरीब. फळ पिकायच्या बेताला आलं की त्यावर बसायची, बारीक टोचून आत अंडी घालायची. वरून जाम पिवळाधमक, वास तर सगळ्या सडकेला. फोडला की आत वळवळ. गावात म्हणच पडून गेली होती, की आत्याचा जाम खायचा तर डोळे मिटून खा. पोळ्याच्या दिवशी, पुरणपोळी खाऊन उठता उठता मामाजी म्हणाले, "बाई, यंदाही जाम किडले, त तुयशीच्या लग्नानंतर झाडं काढू आपन. हरबरा टाकू तिथं. उगाच जागा अडून राह्यली."

आत्याबाईंनी कढईतलं उरलेलं तूप काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी विचारलं, तेव्हा घागर ठेवून त्या म्हणाल्या, "झाडाचं काई नाई व. पन झाडं गेले का मंग या घरात माहं काय आहे, ते दाखवाले बोटभर जागा राह्यत नाई. भाऊ एकदा तोंडानं म्हनला असता, का हे बाईचं आहे, त म्या सोताच्या हातानं तोडले असते."

मला तेव्हा मामाजींचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या वरणात मीठ घातलं नाही. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. त्यामुळे राग काही पुरा झाला नाही.

आत्याबाई कामाला लागल्या. बाजारात तेव्हा सरकारी पावडर मिळायला लागली होती, धूर काढावा तशी उडवायची. ती त्यांनी नाकारली. म्हणाल्या, जाम काही कोणी धुऊन खात नाही, तोडला की तोंडात जातो. माशी मारायची का माणूस? आधी त्यांनी चुलीची राख उधळली. ती वाऱ्यानं आमच्याच डोळ्यांत गेली. मग लोणारच्या तळ्याकाठचा खार आणवला. तो पाण्यात कालवून शिंपडला, तर पानं अशी करपली की मामाजी लांबूनच बघून म्हणाले, "माशीचं काम सोपं करून राह्यली बाई." माशी मात्र खुशाल होती.

उपाय सापडला तो घट बसायच्या आधी भिंती पोतारताना. आमच्या मागच्या भिंतीला लागून एक जामाचं झाड होतं. मी पांढऱ्या मातीच्या पाण्यात कुंचा बुडवून भिंतीवर फटकारे मारत होते आणि माझं काम काही फार निगुतीचं नव्हतं, त्यामुळे भिंतीपेक्षा झाडच जास्त पांढरं झालं. आत्याबाईंनी त्यावरून मला यथास्थित ऐकवलं. दसऱ्याला त्याच झाडाचे जाम फोडले, तर काय? ज्यांच्यावर माती वाळली होती ते आतून स्वच्छ आणि ज्यांच्यावर नव्हती त्यांत वळवळ. आत्याबाईंनी एकामागून एक टोपलंभर फळं फोडली. शेवटी त्या तिथंच फतकल मारून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तिले जाम वळखूच येत नाई आता. मातीची भित वाटते तिले. भितीवर कोन अंडे घालीन?"

मग काय, पांढऱ्या मातीच्या खाणीवर आम्ही दोघी रोज. परतीचा पाऊस येऊन गेला होता, माती खणायला मऊ होती. घरी आणून ती कुटायची, कापडातून गाळायची, पाण्यात कालवायची. नुसती माती वाळली की गळून पडायची, म्हणून आत्याबाईंनी तिच्यात बाभळीचा डिंक घातला. वाडगं खालून धरायचं, फळ त्यात बुडवायचं, सोडायचं. एक झाड झालं की कंबर आपली राहायची नाही. पण चार-आठ दिवसांत सगळ्या तुकड्यावर पांढरेशुभ्र जाम लटकायला लागले. माझे यजमान बघायला आले आणि म्हणाले, "लगन आहे का व कोनाचं?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथं थांबलो असतो तर मला हे सांगायचंच कारण नव्हतं.

त्याच सुमारास सडकेवरची झाडं रंगवून झाली होती. कोणी मंत्री त्या वाटेनं जाणार होते म्हणे. खाली गेरूचा पट्टा, वर चुन्याचा, असे सगळे लिंब नि बाभळी ओळीनं रंगले. मंत्री दुसऱ्याच वाटेनं गेले. आत्याबाईंना मात्र तो रंग फार आवडला. आमच्या जामांच्या बुडाला वाळवी लागायची, आणि त्यांनी मला विचारलं, "सडकेच्या लिंबाले कधी वायवी लागेल पाह्यली काव? सरकार काय येडं आहे का उगाच रंग लावाले?"

मी म्हणाले, लिंब कडू असतो आत्याबाई, त्याला तशीही वाळवी लागत नाही.

"तुले शायेत लय शिकोलं व माय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गेरू भिजत घातला. डिंक घालूनच.

दोन दिवसांत आमच्या सगळ्या जामांना खाली गेरूचा आणि वर चुन्याचा पट्टा आला. पट्टे सरळ होते, सडकेवरच्यापेक्षाही सरळ, कारण आत्याबाईंनी सुतळी बांधून मारले होते. लांबून पाहिलं की सडकेची झाडं कुठं संपतात आणि आमची कुठं सुरू होतात ते मलाही कळेना.

गावाला तर ते कळायचं कारणच नव्हतं. पट्टा मारला की झाड सरकारचं, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी समजतं. आणि सरकारचं झाड म्हणजे कोणाच्याच बापाचं नव्हे. तोवर आत्याबाईंच्या झाडांचा जाम तोडायला कोणाची छाती नव्हती. एक तर जीभ तिखट, आणि दुसरं म्हणजे विधवा बाईचं चोरून खाल्लं तर पचत नाही असं लोक मानायचे. सरकारचं मात्र कोणालाही पचतं.

सुरुवात मोटारीतल्या लोकांनी केली. सरकारी मोटार आमच्या शेताजवळच्या लिंबाखाली थांबायची. उतारू उतरायचे, पाय मोकळे करायचे, जाम तोडायचे, धोतराला पुसून पांढरी माती काढायचे आणि खायचे. आत्याबाई काठी घेऊन धावल्या, तर एक टोपीवाला शांतपणे म्हणाला, "आजी, हे सरकारी झाड आहे. तुमाले तोडाचे असन त तुमीबी तोडा ना."

मग गावात बातमी झाली, की सडक रुंद होत आहे आणि आत्याबाईंचा तुकडा सरकारजमा झाला. बातमी कोणी काढली देव जाणे, पण पुरावा पट्ट्यापट्ट्यांनी उभा होता. बाया समाचाराला यायला लागल्या. ओसरीवर बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या. "कसं होईन व बाई तुहं आता?" आत्याबाई सांगायच्या, की अगं बाई, काही गेलेलं नाही, रंग मीच लावला. बाया एकमेकींकडे बघायच्या आणि मान हलवायच्या. त्यांतली एक माझ्या कानात म्हणाली, "सरकारनं सांगतलं असंन तिले, गप राह्य म्हनून." चहा पिऊन बाया उठायच्या आणि जाता जाता सडकेवरून जायच्या. ज्या पदरानं डोळे पुसले त्याच पदरात जाम बांधून घरी न्यायच्या. मी एकीला अडवलं तर ती माझ्यावरच उखडली. "तुह्या काय बापाचे आहेत? सरकारचे आहेत!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती वयानं मोठी होती आणि पदरात आमचेच जाम होते, तेव्हा फटकन काय बोलावं ते सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर चांगली उत्तरं सुचली.

रंग धुऊन काढायचाही प्रयत्न केला. डिंकाचा रंग तो. घासून घासून अर्धामुर्धा निघाला आणि झाडं जुन्या सरकारी झाडांसारखी दिसायला लागली. मग यजमान म्हणाले, पाटी लावू. डबा कापून त्यांनी पत्रा सपाट केला आणि मामाजींना विचारलं, "बुवा, नाव कोनाचं टाकू?"

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मामाजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "नाव कायले पाह्यजे? नुसतं 'फळे तोडू नयेत' असं लेह्य."

यजमानांनी तसं लिहिलं, अक्षर त्यांचं छान होतं. पाटी लागली आणि जो काही संशय उरला होता तोही फिटला. आमच्या भागात "नयेत" असं फक्त सरकारच म्हणतं.

मामाजींचं मला त्या दिवसांत सगळ्यात चीड आणणारं काय होतं, तर ते गप्प होते. पारावर लोक त्यांना विचारायचे, खरं का हो? ते "पाहू" म्हणायचे. माझ्या हळूहळू लक्षात आलं. सरकारनं झाडं तोडली तर यांच्या हाताला कुऱ्हाड लागणार नव्हती. बहिणीला नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही. सरकार परस्पर काय ते करून टाकील. इतकं सोयीचं सरकार त्यांना कधी मिळालं नसेल. आत्याबाईंनाही ते कळलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "माशी बरी व. टोचते थे दिसते तरी."

तुळशीचं लग्न झालं. झाडांवर शेंड्याशेंड्याला, हात न पोचणारे तेवढे जाम राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच सडकेवरून आरडाओरड ऐकू आली. सडकेचा मुकादम चार गडी आणि कुऱ्हाडी घेऊन आला होता. सडकेवर आलेल्या फांद्या छाटायचं काम होतं. छाटत छाटत ते लिंबांवरून सरळ आमच्या जामांवर आले होते. पट्टा दिसला की छाट, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्या झाडाची एक फांदी खाली पडली होती आणि आत्याबाई दुसऱ्या झाडाला पाठ लावून उभ्या होत्या. पाठीमागून आम्ही धावत गेलो, मामाजी सगळ्यात पुढे. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मुकादम भला माणूस होता. पडलेल्या फांदीचा एक जाम त्यानं उचलला होता, मांडीवर घासून साफ केला होता आणि खात होता. "जाम लय झकास आहे बा," तो मामाजींना म्हणाला. "किडा नाई एकबी. खास सरकारी झाडाले असा जाम म्या नाई पाह्यला."

"सरकारी नाईत हे," मामाजी धापा टाकत म्हणाले.

"नाईत कसे? पट्टा कोनाचा? पट्टा आमचा, झाड आमचं. अन् झाड आमचं म्हंजे त्या मागच्या काटेरी कुपापावतर जमीन सडकेचीच झाली ना. साहेबाले सांगतो मी, मोजून घेतीन."

जमीन हा शब्द ऐकल्यावर मामाजींची सुपारी तोंडातून खाली पडली. माझ्या डोळ्यांदेखत पडली. "जमीन कोनाची झाली बे? माही जमीन आहे हे!"

"बरं, तुमची," मुकादम म्हणाला. तो खरंच समजून घ्यायला विचारत होता. "मंग पट्टा तुमी मारला का?"

"म्या नाई. माह्या बहिनीनं मारला."

"तुमच्या झाडाले तुमच्या बहिनीनं काऊन मारला?"

तेवढ्यात मोटार येऊन लिंबाखाली उभी राहिली होती. उतारू खिडक्यांतून बघत होते, काहीजण नेहमीप्रमाणे उतरले होते, गावातलीही दहा-पाच माणसं जमली होती. समाचाराला आलेल्या बायाही त्यांत होत्या. मामाजी म्हणाले असते की ती वेडी आहे, तर तिथंच प्रश्न मिटला असता. ते तसं म्हणतील असंच मला वाटत होतं. आत्याबाईंनाही तसंच वाटत असावं. त्यांनी झाडाला टेकलेली पाठ सोडली होती आणि ताठ उभ्या राहिल्या होत्या.

गड्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली.

"काऊन मारला म्हंजे?" मामाजी एकदम ओरडले. "तिचे झाडं आहेत, तिनं मारला! बापानं देल्लं हे तिले. माह्या समोर देल्लं. तिची बाग आहे, ते तिले गेरू लावीन नाईतर हयद लावीन, तू कोन पुसनारा? ठेव थे कुऱ्हाड!"

गड्यानं कुऱ्हाड ठेवली. मुकादमानं हातातला अर्धा जाम कुठं ठेवावा ते न कळून तो आत्याबाईंपुढे धरला. मोटारीचं इंजिन तेवढं घरघरत होतं.

आत्याबाईंनी जामाकडे बघितलंही नाही. त्या भावाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता या रडणार. मी पुढे झाले. त्यांनी मला हातानं मागे सारलं.

"जरा जोरानं म्हन, भाऊ," त्या म्हणाल्या. "मोटारीतल्या लोकाइले आइकू नाई आलं."

मामाजींनी बहिणीकडे पाहिलं, मग मोटारीकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते पुन्हा म्हणाले.